दाणे परत मुठीत

समुपदेशनाच्या पदव्युत्तर वर्गात येणारी मंडळी बहुधा आधीपासूनच मदतीच्या धंद्यातली: परिचारिका, आश्रमशाळेतले शिक्षक, समाजकार्यवाले. धीर द्यायची, समजूत घालायची त्यांची सवय जुनी, आणि शिकवणाऱ्याचा बराच वेळ ती मोडण्यात जातो. त्यासाठी 'व्हर्बॅटिम' लिहून घेतात. पानाला तीन रकाने: समोरचा काय म्हणाला, आपण काय म्हणालो, त्या क्षणी मनात काय आलं. कार्ल रॉजर्सने १९४२ साली हर्बर्ट ब्रायन या टोपणनावाच्या माणसाच्या आठ मुलाखती तबकड्यांवर मुद्रित करून पुस्तकात शब्दशः छापल्या होत्या. मला हा प्रकार एकांकिकेसारखा वाचावासा वाटतो.

समोरचं पान धडगावच्या वाटेवरचं. सरावासाठी रचलेलं, खऱ्या रुग्णाचं नव्हे. पण सातपुड्यात ओळखीचं. मुलीचं लग्न ठरलंय. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या तपासणीत ती 'एएस' निघाली, म्हणजे एक जनुक निरोगी, एक सदोष; मुलगाही 'एएस'.

"सिस्टर, मी आजारी आहे का?"
"नाही गं. तू फक्त वाहक आहेस."

उत्तर शास्त्राला धरून, आणि पार वाया गेलेलं. तिसऱ्या रकान्यात सिस्टर लिहिते: 'ती हसली. म्हणाली, वाहक तर एसटीत असतो.' घरी पावरी बोलणाऱ्या मुलीने हा शब्द वाचलेला तो शहाद्याच्या गाडीत. प्रमाण मराठीचा इतका नेमका पराभव मी क्वचित वाचलाय. पुढची ओळ मात्र पानातली सर्वांत फिकी: "काळजी करू नकोस." मार्गदर्शकाने शेजारी पेन्सिलीने विचारलंय, 'कोणाची काळजी कमी झाली?'

मग ती मुद्द्यावर येते.

"मग लगीन मोडायचं का?"

दुसरा रकाना कोरा. कंसात नुसतं 'शांतता'. तिसऱ्यात: '"मोड" असं ओठांवर आलं होतं. गिळलं.' या 'गिळलं'वर मी दर वेळी थांबतो. 'समुपदेशन' या शब्दाच्या पोटातच 'उपदेश' बसलाय. ज्याने तो घडवला त्याला ही अडचण दिसली नसावी. सिस्टरने तो उपदेश घशाखाली लोटला, आणि कोऱ्या जागेत मुलगी स्वतःच पुढचं बोलली: "आईला कसं सांगू?" लग्न मोडण्यापेक्षा तिला हे जड होतं. सल्ला दिला असता तर ही ओळ पानावर आलीच नसती.

आता हिशेब. दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार असण्याची शक्यता २५ टक्के, नुसतं वाहक असण्याची ५०, दोन्हींतून सुटण्याची २५. टक्के ऐकून मुलगी पटकन म्हणते, "म्हणजे चार पोरं झाली तर एक आजारी, तीन चांगली." शिकलेली माणसंही इथेच चुकतात. पहिलं बाळ आजारी निघालं की पुढच्या तिघांची चिंता मिटली, असं धरून चालतात.

सिस्टर टक्के सोडते आणि मक्याचे चार दाणे घेते: दोन पांढरे, दोन तांबडे. प्रत्येक मुठीत एक पांढरा, एक तांबडा. ही मूठ तुझी, ती त्याची. डोळे मिटून दोन्हींतून एकेक काढ. दोन्ही तांबडे आले तर आजार, एकच आला तर तुझ्यासारखं. मुलीला पहिल्याच फेरीत दोन्ही तांबडे येतात. पुढची सूचना पानावर अधोरेखित आहे: 'दाणे परत मुठीत टाकायला लावले.' सगळी कला या एका क्रियेत आहे. परत टाकल्यावर मूठ पहिल्यासारखीच. मागचं बाळ पुढच्याच्या वाट्याचं नशीब वापरून टाकत नाही, हे बोटांना कळतं. फळ्यावरच्या जनुकांच्या चौकटीने ते कळलं असतं असं मला वाटत नाही.

मुलगी आणखी सहा वेळा काढते. सिस्टरने प्रत्येक जोडी इमानाने लिहिली आहे, मधे एक शब्द न घालता. सहाव्या वेळेनंतर पहिल्या रकान्यात एवढंच:

"हे दाणे घरी नेऊ का?"