आघाडीवर नवीन काही नाही, मग घरी काय सांगायचं?

आज आपण पहिल्या महायुद्धातल्या एका सैनिकाची गोष्ट घेणार आहोत आणि ती तीन वेळा कशी सांगितली गेली ते पाहणार आहोत. एरिश मारिया रेमार्क यांची 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' ही जर्मन कादंबरी १९२९ साली पुस्तकरूपाने आली. पुढच्याच वर्षी लुईस माइलस्टोन यांनी हॉलिवूडमध्ये तिच्यावर बोलपट केला. २०२२ मध्ये एडवर्ड बर्गर यांनी ती जर्मन भाषेत पुन्हा पडद्यावर आणली.

यातलं काही वाचलेल्या-पाहिलेल्या माणसाला विचारलं, तर काय आठवतं? चिखल, खंदक, काटेरी तारा, तोफा. बरोबरच आहे. पण कादंबरीतला सगळ्यात अवघड भाग, आमच्या मते, आघाडीवरचा नाहीच. तो रजेवरचा आहे.

पाउल बॉयमर हा तरुण सैनिक रजेवर घरी येतो. आजारी आई विचारते, तिकडे फार वाईट आहे का रे? तो नाही म्हणतो. वडिलांना लढाईच्या गोष्टी ऐकायच्या असतात. पण ते सगळं शब्दांत आणलं तर आपल्याला आवरणार नाही, या भीतीने तो टाळत राहतो. गावातली प्रतिष्ठित मंडळी त्याला बिअर पाजतात आणि युद्ध कसं जिंकायचं ते त्यालाच समजावतात! मग तो केमरिख या मेलेल्या मित्राच्या आईकडे जातो. केमरिख पाय कापल्यावर इस्पितळात हळूहळू गेला, पाउल त्याच्याजवळ बसलेला होता. आईला मात्र तो शपथेवर सांगतो, जागच्या जागी गेला, त्याला काही कळलंसुद्धा नाही.

इथे जरा थांबू या. सैनिकाने जे भोगलं ते त्याला कुणालाच सांगता येत नाही, हाही त्याच्या भोगण्याचाच भाग आहे. रेमार्क यांना हे पक्कं ठाऊक आहे.

माइलस्टोन यांनी रजा ठेवली, पण त्यांचा पाउल आपल्या जुन्या वर्गात जाऊन पोरांना तोंडावर सांगतो, की देशासाठी मरण्यात गोड असं काही नाही. पोरं त्याला भेकड ठरवतात. प्रसंग जबरदस्त आहे. डिसेंबर १९३० मध्ये बर्लिनला गोबेल्सच्या पुढाकाराने नाझींनी चित्रपटगृहात दुर्गंधीचे बॉम्ब फोडले, पांढरे उंदीर सोडले आणि काही दिवसांतच चित्रपटावर बंदी आली. म्हणजे वर्गात जे झालं, तेच प्रेक्षागृहात झालं. तरीही कादंबरीतला पाउल असं भाषण करत नाही. ते जमलं असतं, तर त्याचा अर्धा भार उतरला असता.

बर्गर यांनी रजाच काढून टाकली. त्यांची सुरुवात अप्रतिम आहे: मेलेल्या सैनिकाचा गणवेश धुऊन, शिवून नव्या पोराच्या अंगावर चढतो. हे कादंबरीत नाही आणि तरी तिच्या जातीचं आहे. पण रजेची जागा पुढे युद्धविरामाच्या वाटाघाटी घेतात, आणि त्याचा परिणाम शेवटावर होतो.

मूळ जर्मन शीर्षकाचा अर्थ 'पश्चिमेकडे नवीन काही नाही' असा आहे. कादंबरीतला पाउल ऑक्टोबर १९१८ मध्ये मरतो, लष्करी अहवालात नोंदण्यासारखं काही घडलं नाही अशा दिवशी. बर्गर यांचा पाउल मरतो ११ नोव्हेंबरला, अकराच्या ठोक्याला युद्ध थांबणार त्याच्या अगदी थोडं आधी. ज्याचं मरण बातमी नव्हतं, त्याला इतिहासातला सगळ्यात मोठ्या बातमीचा दिवस मिळाला. आपल्याला हळहळ वाटते खरी. पण ती योगायोगाची हळहळ आहे. शीर्षकातला डंख निघून जातो.

कुणी म्हणेल, गप्प बसणं पडद्यावर दाखवायचं कसं? आम्हांला वाटतं, आईचा प्रश्न, मुलाचा चेहरा आणि एक खोटं उत्तर, एवढं पुरतं.

केमरिखच्या आईने खरं काय ते सांग म्हणून हट्ट धरला होता. तिकीट काढून आपणही तेच विचारत असतो. मिळालेलं उत्तर आपल्या समाधानासाठी दिलेलं आहे का, एवढं दर वेळी तपासून पाहू या.