नक्कल आणि निष्ठा : ॲनिमेच्या परदेशी अभिग्रहणाविषयी

१

ॲनिमे या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जपानी ॲनिमेशनपटांना व मालिकांना अमेरिकेत जो निष्ठावान प्रेक्षकवर्ग लाभला, त्याच्या घडणीत चोरट्या प्रतींचा वाटा मोठा होता, हे आता फारसे कोणी नाकारत नाही. वाद आहे तो या वाट्याचा अर्थ लावण्याविषयी. कायद्याच्या दृष्टीने ही स्वामित्वहक्काची पायमल्ली ठरते, तर व्यापाराच्या दृष्टीने विनामूल्य जाहिरात. ही उत्तरे परस्परविरोधी भासली तरी त्यांचे गृहीतक एकच आहे : ॲनिमे ही एक तयार वस्तू असून ती कोणत्या वाटेने पोचली एवढाच प्रश्न आहे. साहित्याच्या अभ्यासकाला त्याआधीचा प्रश्न विचारावा लागतो. जी पोचली ती संहिता कोणती होती? राजमार्गाने आलेली आणि चोरवाटेने आलेली संहिता एकच होती काय?

ती एक नव्हती. चोरट्या प्रतीने ॲनिमेचा केवळ प्रसार केला असे नाही. ‘मूळ संहिता’ ही कल्पना आणि त्या मूळाविषयीची ओढ तिने परदेशी प्रेक्षकात निर्माण केली, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२

अधिकृत रूपांतरांचा इतिहास प्रथम पाहिला पाहिजे. ओसामू तेझुका यांची ‘तेत्सुवान आतोमु’ ही मालिका १९६३ मध्ये जपानी दूरचित्रवाणीवर आली आणि त्याच वर्षी ‘ॲस्ट्रो बॉय’ या नावाने अमेरिकेत दाखवली गेली. पुढील दोन दशके अमेरिकी वितरकांनी जपानी मालिकांकडे कच्चा माल म्हणूनच पाहिले. १९७२ ते १९७४ या काळातील ‘गाच्चामान’ ही १०५ भागांची मालिका १९७८ मध्ये ‘बॅटल ऑफ द प्लॅनेट्स’ झाली, तेव्हा तिच्यातील हिंसा कापली गेली आणि कापलेल्या जागा सांधण्यासाठी मूळात नसलेला एक यंत्रमानव निवेदक म्हणून घालण्यात आला. १९८५ मधील ‘रोबोटेक’चे उदाहरण अधिक बोलके आहे. दररोजच्या प्रसारणासाठी ‘माक्रोस’ या मालिकेचे ३६ भाग अपुरे पडत होते. म्हणून परस्परांशी संबंध नसलेल्या तीन मालिका जोडून ८५ भागांचे एक कथानक रचले गेले. हायाओ मियाझाकी यांचा १९८४ चा ‘नाउशिका’ हा चित्रपट तर पुढच्याच वर्षी सुमारे बावीस मिनिटांची काटछाट होऊन ‘वॉरियर्स ऑफ द विंड’ या नावाने अवतरला. नायिकेचे नावही बदलले गेले.

अनुवादाचे अभ्यासक लॉरेन्स व्हेनुटी यांनी १९९५ मध्ये ज्या स्वदेशीकरणाची चिकित्सा केली, त्याचे हे टोकाचे रूप होय. येथे अनुवादकच अदृश्य होतो असे नाही. आपण अनुवाद पाहत आहोत हेही प्रेक्षकाला कळू दिले जात नाही. परवाना कायदेशीर होता, पण त्या परवान्याखाली मूळ कृतीचे अस्तित्व मात्र पुसले जात होते.

३

याच काळात दुसरी वाट तयार होत होती. १९७७ मध्ये लॉस एंजेलिस येथे विज्ञानकथांच्या चाहत्यांमधून ‘कार्टून/फँटसी ऑर्गनायझेशन’ ही संस्था स्थापन झाली. घरगुती व्हिडिओ रेकॉर्डर नुकताच बाजारात आला होता आणि जपान व अमेरिका या दोन्ही देशांत दूरचित्रवाणीची एनटीएससी ही एकच प्रणाली असल्याने टोकियोत ध्वनिचित्रमुद्रित केलेली टेप अमेरिकी घरात सरळ चालत असे. भाषा कळत नसतानाही चाहते या टेपा कथासार हाताशी ठेवून पाहत. न कळणाऱ्या संहितेसमोर असे तासन्‌तास बसणे ही वाचनाची एक शिस्तच होती.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस अमिगा संगणक आणि त्याला जोडलेले ‘जेनलॉक’ हे उपकरण यांच्या साहाय्याने चालत्या चित्रावर अक्षरे उमटवणे घरी शक्य झाले. यातून ‘फॅनसब’, म्हणजे चाहत्यांनी केलेल्या उपशीर्षकांची प्रत, जन्माला आली. तिचे स्वतःचे अनुवादशास्त्र हळूहळू घडत गेले. ‘सान’, ‘कुन’, ‘चान’, ‘सेन्पाई’ हे संबोधनप्रत्यय व संबोधने तशीच ठेवली जात. शीर्षकगीते गाळली जात नसत. सण, पदार्थ, श्लेष यांवरील टिपा पडद्याच्याच वरच्या भागात दिल्या जात. ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांच्या निवडीतून नाते व्यक्त करणाऱ्या मराठी वाचकाला या आग्रहाचे मर्म वेगळे सांगायला नको. इंग्रजीच्या एकाच सर्वनामात जे विरून जाते, ते वाचवण्याची ही धडपड होती. तिचा अतिरेकही झाला. ‘केइकाकु’ हा साधा जपानी शब्द तसाच ठेवून त्याचा अर्थ ‘योजना’ असल्याची टीप देणाऱ्या उपशीर्षकाची थट्टा चाहतेच करीत आले आहेत. तरीही आबे मार्क नॉर्नेस यांनी १९९९ मध्ये, परकेपणा लपवण्याऐवजी उघड करणाऱ्या उपशीर्षकांचा पुरस्कार करताना, चाहत्यांच्या या प्रयोगांकडे लक्ष वेधले, हे अकारण नव्हते.

हेन्‍री जेन्किन्स यांनी १९९२ मध्ये चाहत्याला दुसऱ्याच्या रानात चोरून शिकार करणाऱ्याची उपमा दिली. ती मिशेल द सेर्तो यांच्याकडून आलेली आहे. जेन्किन्स यांचा चाहता संहिता वाकवतो, तिच्यातून स्वतःची कथा रचतो. येथे मात्र संहिता वाकवली ती परवानाधारकाने, आणि तिला हात लावू नये असा हट्ट धरला तो चोराने. ही अदलाबदल लक्षात घेतल्याशिवाय या इतिहासाचा अन्वयार्थ लागत नाही.

४

यांत्रिक पुनरुत्पादनात कलाकृतीचे तेजोवलय लोपते, असे वॉल्टर बेन्यामिन यांनी १९३६ च्या निबंधात मांडले. टेपेच्या बाबतीत काहीसे उलटे घडले. प्रतीवरून प्रत काढताना प्रत्येक पिढीत रंग विटत, रेषा फिसकटत, आवाज घोगरा होई. या झिजलेल्या प्रतीतच ती प्रत असल्याची खूण होती. जे दिसते आहे त्यापलीकडे अधिक स्वच्छ असे काही आहे, याची जाणीव ती सतत करून देत राही. विटलेल्या नकलेनेच मूळाला वलय प्राप्त करून दिले.

चाहत्यांची नीतीही याच जाणिवेशी सुसंगत होती. प्रत विकू नये, केवळ कोरी टेप व टपालखर्च घ्यावा, आणि अधिकृत आवृत्ती निघताच आपली प्रत मागे घ्यावी, असा संकेत रूढ झाला. तो सर्वांनी पाळला असे नाही. परंतु संकेत म्हणून तो अर्थपूर्ण होता. ॲनिमेगो (१९८८), सेंट्रल पार्क मीडिया (१९९०), ए. डी. व्हिजन (१९९२) यांसारख्या कंपन्या निघाल्या, तेव्हा संपूर्ण कृती उपशीर्षकांसह विकत घेणारा ग्राहक त्यांना आयता मिळाला. १९९६ मध्ये स्टुडिओ जिब्लीच्या चित्रपटांसाठी डिझ्नीशी झालेल्या करारात काटछाट न करण्याची अट होती. ती आली निर्मात्यांच्या कटू अनुभवातून. पण ती मान्य होण्याजोगी अभिरुची दरम्यान तयार झाली होती.

५

एवढ्यावरून चौर्याचे उदात्तीकरण करण्याचा मोह आवरला पाहिजे. पहिले म्हणजे, ज्या ‘अस्सल’ जपानचा चाहत्यांना ध्यास होता तो निवडलेला जपान होता. अजस्र यंत्रमानव आणि अंतराळयुद्धे यांना त्यांच्या टेपांत मानाचे स्थान होते. १९६९ पासून चालत आलेली ‘साझाए-सान’ ही एका कुटुंबाची साधी मालिका जपानी घराघरांत पाहिली गेली. परदेशी चाहत्यांच्या विश्वात तिला जवळजवळ जागाच नव्हती. निष्ठा कृतीशी होती, त्या कृतीमागच्या समग्र परंपरेशी नव्हे.

दुसरे, अंकीय प्रतीने या व्यवस्थेचा आधारच काढून घेतला. २००१ नंतर बिटटोरंटमुळे जी प्रत फिरू लागली ती प्रतीगणिक झिजत नव्हती. उणीवच उरली नाही, तेव्हा मूळाची ओढही सैलावली आणि स्वतःहून मागे हटण्याचा संकेत दुबळा झाला. २००४ मध्ये मीडिया फॅक्टरी या जपानी कंपनीने आपल्या कृतींच्या फॅनसब प्रती थांबवण्याची मागणी केली, ती या बदललेल्या परिस्थितीत.

तिसरा मुद्दा सर्वांत अडचणीचा आहे. क्रंचीरोल हे संकेतस्थळ २००६ मध्ये सुरू झाले ते वापरकर्त्यांनी चढवलेल्या अनधिकृत प्रतींच्या बळावर. २००९ मध्ये ते परवानाधारक बनले. २०२१ मध्ये सोनीच्या फनिमेशनने ते सुमारे ११७ कोटी ५० लाख डॉलरना विकत घेतले. या किमतीत चाहत्यांनी घडवलेला प्रेक्षक होता, त्यांनी रूढ केलेली उपशीर्षकांची पद्धत होती. रात्री जागून टिपा लिहिणाऱ्या अनामिक अनुवादकांचे श्रम मात्र कोणत्याच हिशेबात नव्हते. प्रत्येक चित्रामागे तुटपुंजा मोबदला घेणारा जपानी चित्रकारही टेपेच्या काळात त्या हिशेबाबाहेर होता, आणि केवळ परवाना आल्याने तो आपोआप आत येत नाही.

म्हणजे संहितेशी निष्ठा आणि संहिता घडवणाऱ्यांशी न्याय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकी वितरकाने दुसरीची कायदेशीर पूर्तता करताना पहिलीचा बळी दिला. चाहत्याने पहिली प्राणपणाने जपली आणि दुसरीकडे पाठ फिरवली. चौर्याने ॲनिमेला काय दिले याचे उत्तर ‘प्रेक्षक’ असे देणे पुरेसे नाही. त्याने वाचक दिला : अनुवादात काय हरवते हे ओळखणारा आणि हरवलेले परत मागणारा. त्या वाचकाची मागणी आता बाजाराने बरीचशी पुरवली आहे. मूळ संहितेइतकाच तिच्या कर्त्यांचा आणि अनुवादकांचा हक्कही तो वाचक मागू लागतो की नाही, यावर त्या जुन्या, विटलेल्या टेपांचे अखेरचे मूल्यमापन अवलंबून राहील.