वाचकावाचून वाचन

लेखकाने स्वतःच प्रकाशित केलेल्या पुस्तकास यंत्राचा कंठ देण्याची सोय आता मोठे विक्रेतेच करून देतात. ॲपलने ती जानेवारी २०२३ मध्ये, तर ॲमेझॉनने त्याच वर्षी नोव्हेंबरात, अमेरिकेतील निवडक लेखकांसाठी सुरू केली. आवाज कृत्रिम असल्याचे पुस्तकाच्या नोंदीत लिहिलेले असते; तेव्हा फसवणुकीचा आरोप येथे लागू पडत नाही. लेखकाची अडचणही खरी आहे. व्यावसायिक अभिवाचकाकडून पुस्तक वाचवून घ्यावयाचे तर हजारो डॉलर लागतात. उत्पन्नाचा निम्मा वाटा देऊन, आगाऊ मानधनाशिवाय, वाचवून घेण्याची प्रथा आहे खरी. पण अनोळखी लेखकाच्या खपावर आपले श्रम कोण पणास लावील?

हे आवाज मात्र माणसांच्याच आवाजांवरून घडतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये उघड झाले, की फाइंडअवे व्हॉइसेस या कंपनीच्या करारातील एका कलमामुळे अभिवाचकांची ध्वनिमुद्रणे यंत्राच्या शिक्षणासाठी ॲपलला वापरता येत होती. अनेक अभिवाचकांस त्या कलमाचा पत्ताच नव्हता. नटांच्या संघटनेने हरकत घेतल्यावर तो वापर थांबला.

आम्ही अशी काही पुस्तके ऐकली. माहितीपर गद्य बरे निभावते. संवाद येताच मात्र आई, सावकार आणि मूल एकाच समजूतदार सुरात बोलू लागतात! उच्चार आणि विराम लेखकास सुधारता येतात, म्हणून त्यांविषयी आमची तक्रार नाही. तक्रार निराळी आहे. अशा लेखकास बहुधा संपादक नसतो. त्याचा शब्द न् शब्द तोंडावाटे काढणारा पहिला परका मनुष्य म्हणजे अभिवाचक. हे वाक्य जिभेवर बसत नाही, ही बाई मागल्या प्रकरणात अशी बोलत नव्हती, येथे उपरोध आहे की खेद, असे तो लेखकास विचारतो. यंत्र काही विचारीत नाही. फसलेले वाक्यही ते त्याच गोडव्याने म्हणून टाकते. रथात बसून यशया वाचणाऱ्या कूशी अधिकाऱ्याचा आवाज फिलिप्पाच्या कानी पडला, तेव्हा त्याने पहिला प्रश्न केला तो समजण्याविषयीचा. त्या अधिकाऱ्याने समजत नसल्याची कबुली दिली, आणि तेथूनच पुढचे सारे घडले. यंत्राकडून ही कबुली मिळत नाही.

ज्यास यंत्रावाचून गत्यंतर नाही, त्याने निदान त्याआधी आपले हस्तलिखित घरातल्या कोणास तरी मोठ्याने वाचावयास द्यावे, आणि तो जेथे अडखळेल तेथे पेन्सिलीने खूण करीत जवळ बसावे.