शालान्त प्रमाणपत्रातील संगीत : गुण आणि विषय

एखाद्या विद्येला माध्यमिक शिक्षणात कोणते स्थान दिले जाते, ह्यावरून त्या विद्येविषयीची समाजाची धारणा ओळखता येते. महाराष्ट्रात संगीताला मिळालेले स्थान मोठे चमत्कारिक आहे. शालान्त परीक्षेत सर्वसाधारण विद्यार्थ्याची टक्केवारी भाषा, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे ह्या विषयांवर ठरते; त्यांत संगीत नाही. तथापि शासनमान्य संस्थांच्या शास्त्रीय गायन, वादन वा नृत्याच्या ठराविक परीक्षा उत्तीर्ण झालेल्यास वाढीव गुण देण्याची तरतूद राज्यशासनाने अलीकडच्या वर्षांत केली आहे. म्हणजे संगीताचे गुण शाळेच्या दप्तरात येतात. पण संगीत हा विषय शाळेच्या दाराबाहेरच राहतो.

ह्या व्यवस्थेचा परिणाम पनवेलजवळील कामोठ्यासारख्या वसाहतीत ताडून पाहण्याजोगा आहे. सिडकोने वसवलेला नवी मुंबईचा हा भाग 2016 मध्ये स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेत मोडतो. मानसरोवर स्थानकावरून हार्बर मार्गाने वाशीस जाता येते, आणि त्या वाशीत अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचे कार्यालय आहे. तेव्हा परीक्षा घेणारी संस्था दूर नाही. प्रश्न शिकवणाऱ्याचा आहे. ज्या घरास खाजगी वर्गाची फी परवडते आणि मुलाला संध्याकाळी तेथे पोहोचवण्यास ज्या घरी माणूस मोकळा असतो, त्या घरचे मूल प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण अशा पायऱ्या चढते व वाढीव गुणांस पात्र होते. ज्या घरी हे साधत नाही, त्या घरच्या मुलाचा गळा कितीही सुरेल असो, त्याला गुण नाहीत; आणि ह्याहून गंभीर गोष्ट अशी की, त्याला शिक्षणही नाही. शाळेने न शिकवलेल्या गोष्टीचे गुण शाळेच्या प्रमाणपत्रात मिळवणे हा विद्येचा गौरव दिसत असला, तरी वस्तुतः तो घरच्या सांपत्तिक स्थितीचा गौरव ठरण्याची भीती आहे.

ह्या मंडळाच्या पूर्वेतिहासाकडे पाहिल्यास ही विसंगती अधिकच जाणवते. विष्णु दिगंबर पलुस्कर ह्यांनी 1901 साली लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय काढले, ते संगीत घराण्याच्या उंबरठ्यातून बाहेर आणून कोणाही गृहस्थाच्या मुलास शिकता यावे म्हणून. त्यांच्या निधनाच्या वर्षी, 1931 मध्ये, शिष्यांनी मंडळ स्थापिले. विष्णु नारायण भातखंडे ह्यांनी आपली ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ मराठीत आणि गुरुशिष्यसंवादाच्या रूपाने लिहिली. ‘क्रमिक पुस्तकमालिके’त बंदिशी स्वरलिपीसह छापल्या. ह्या दोघांच्या मार्गांत व स्वरलेखनात भेद होता. परंतु संगीत सर्वांस शिकवता येते, ही श्रद्धा समान होती. परीक्षा हे त्या श्रद्धेचे साधन होते. आज साधन उरले असून शिकवण्याची जबाबदारी मात्र ज्याच्या त्याच्या घरावर पडली आहे.

परीक्षापद्धतीची सरसकट निंदा करणे मात्र अन्यायाचे होईल. तिने शिक्षणास क्रम दिला, गावोगावच्या शिक्षकांस समान परिभाषा दिली, आणि मध्यमवर्गीय घरांतील मुलींना उजळ माथ्याने गाणे शिकण्याचा मार्ग खुला करण्यास हातभार लावला. दोष परीक्षेत नसून, तिच्या फळालाच शिक्षण मानण्यात आहे.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. भूप आणि देशकार ह्या दोन्ही रागांत सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर आहेत. भूपाचा वादी गंधार व संवादी धैवत. देशकाराचा वादी धैवत व संवादी गंधार. भूप कल्याण थाटातील, रात्रीच्या पहिल्या प्रहराचा. देशकार बिलावल थाटातील, सकाळचा. हे कोष्टक चतुर विद्यार्थी अर्ध्या तासात पाठ करतो. परंतु धैवतावरील मुक्काम आणि उत्तरांगाचा जोर कानाला जाणवून ‘हा भूप नव्हे’ असे ज्याला म्हणता येते, त्यालाच तो भेद कळला असे म्हणता येईल. गुणांच्या घाईत पहिले ज्ञान पुरेसे वाटू लागते. शालान्त परीक्षेपूर्वी किती पायऱ्या पूर्ण होतील ह्याचा हिशेब सुरू झाला की, एका रागात वर्षभर रमण्याची चैन कोणास परवडणार?

दुसरी एक बाजूही विचारात घ्यावी लागते. पनवेल परिसरातील आगरी समाजात लग्नप्रसंगी धवले गाणारी धवलारीण असते. तिची गाणी श्रवणाने आणि स्मरणाने टिकलेली आहेत; त्यांना प्रवेशिका नाही, मध्यमा नाही. लोककलांनाही वाढीव गुणांच्या योजनेत स्थान दिलेले आहे, हे स्तुत्य होय. परंतु शाळेत संगीताचा तास असेल, तर त्याच गावची धवलारीण एखाद्या दिवशी वर्गात येऊन गाऊ शकेल, आणि शेजारच्या नव्या इमारतींत वाढणारे मूल आपण कोणत्या भूमीवर राहतो हे ऐकू शकेल. गुणांच्या तक्त्यात ही सोय कशी करावयाची?

ह्यावर शिक्षक व वेळ ह्यांच्या अभावाचा आक्षेप घेतला जातो. तो खोटा नाही. परंतु 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने दहावीपर्यंत कलाशिक्षणाचा आग्रह धरला, आणि 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यासक्रमीय व अभ्यासेतर अशी भिंत नको असे म्हटले. ह्या तत्त्वांचा अर्थ केवळ वाढीव गुणांनी पुरा होत नाही. प्रत्येक विद्यार्थी गवई व्हावा, अशी कोणाची अपेक्षा नाही. आठवड्यातून एक तास स्वर व लय ओळखण्याचा, चांगले गाणे शांतपणे ऐकण्याचा असावा, आणि त्या श्रवणाची साधी पारख शाळेनेच करावी, एवढी मागणी माफक आहे. असा तास सुरू झाल्यास वाढीव गुणांना खरा अर्थ येईल. कारण मग ते सर्वांना मिळालेल्या विद्येतील विशेष प्रावीण्याचे द्योतक ठरतील. तोपर्यंत प्रमाणपत्रावरील हे गुण मुलाने किती कमावले आणि घराने किती पुरवले, हे ठरवणे अवघड राहील.