दोन त्रिकोण आणि एक सूर्य

शाळकरी मुलांच्या चित्रांकडे समीक्षेच्या नजरेने आपल्याकडे सहसा कोणी पाहत नाही. त्यांचे कौतुक तरी होते, नाहीतर त्यांना क्रमांक दिले जातात. कौतुक करणाऱ्याला चित्र नीट पाहावे लागत नाही, आणि क्रमांक देणाऱ्याला घाईमुळे ते पाहता येत नाही. ज्या चित्रांविषयी मी येथे लिहिणार आहे ती कोणत्याही कलादालनात लागलेली नाहीत. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतील तेरा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींनी वेगवेगळ्या स्पर्धांसाठी काढलेली ती चित्रे आहेत. काही मी परीक्षक म्हणून पाहिली, काही शाळेच्या भिंतीवर टांगलेली असताना नुसता बघ्या म्हणून. ती गंभीरपणे पाहण्याजोगी आहेत असे मला वाटते, कारण त्यांच्या बळावर एखाद्या मुलाच्या पुढच्या आयुष्याची दिशा ठरू शकते. निदान ठरावी अशी अपेक्षा असते.

यांतली बहुसंख्य चित्रे एकच चित्र आहेत. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या खाचेतून डोकावणारा अर्धा सूर्य, सूर्याच्या पट्टीने आखलेल्या रेघा, डोंगरातून निघून कागदाच्या खालच्या कडेपर्यंत रुंद होत जाणारी निळी नदी, डावीकडे कौलारू झोपडी, उजवीकडे नारळ. आकाशात मराठी चारच्या आकड्यासारखे चारपाच पक्षी. विषय 'माझे गाव' असो की 'निसर्गाचे रक्षण' असो, सामग्री तीच. दुसऱ्या विषयात फार तर एक फलक वाढतो.

आता ही मुले कोठे राहतात ते पाहा. कर्जत स्टेशनाच्या पुलावर उभे राहिले म्हणजे मावळतीकडे माथेरान दिसते. त्याचा माथा सपाट आहे. मोठ्या पेटीवर झाकण ठेवावे तसा. उगवतीला सह्याद्रीची सलग भिंत. तिच्यामागून सूर्य वर येतो तो चांगले उजाडल्यावर येतो, खाचेतून डोकावत नाही. खोपोलीवर नागफणीचा सुळका एका अंगाला कललेला, चौकच्या बाजूला इर्शाळगड, त्याच्या माथ्याशी नेढे, म्हणजे दगडाला आरपार पडलेले भोक. एवढे विलक्षण आकार ज्यांच्या दारात उभे आहेत त्यांनी त्रिकोण काढावा! नदीचेही तसेच. पाताळगंगा भर उन्हाळ्यात वाहते ती टाटांच्या खोपोलीच्या वीजघरातून सुटणाऱ्या पाण्यामुळे; हे वीजघर १९१५ सालचे. कर्जतकडच्या पेज नदीला असेच पाणी मिळते ते भिवपुरीच्या वीजघराचे, १९२२ पासून. घाटावर अडवलेले पाणी नळातून खाली कोसळते, चाके फिरवते आणि मग नदी होते. ज्या मुलाने ही नदी पाहिली आहे त्याच्या चित्रात ती डोंगराच्या खाचेतून निघते, कारण पुस्तकातली नदी तेथूनच निघते.

मुलांना दिसत नाही असे कोणी म्हणेल तर मी ते मान्य करणार नाही. वर्गात चित्र काढून झाल्यावर त्याच मुलांना मी विचारले आहे की माथेरानचा डोंगर हाताने हवेत काढून दाखवा. सगळ्यांचे हात वर गेले, आडवे सरकले आणि खाली आले. म्हणजे डोंगर त्यांना पक्का ठाऊक आहे, फक्त कागदावर तो चालत नाही अशी त्यांची समजूत झालेली आहे. ही समजूत डोंगराने करून दिलेली नाही. ती बक्षीस मिळालेल्या चित्रांनी करून दिली आहे. गेल्या वर्षीचे पहिले चित्र चौकटीत बसून मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर लागते, आणि पुढच्या वर्षी शंभर मुले निसर्गाऐवजी त्या चौकटीचे चित्र काढतात.

या ठिकाणी शासनाच्या रेखाकला परीक्षांविषयी बोलणे भाग आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ही नावे महाराष्ट्रातील तीन पिढ्यांना तोंडपाठ आहेत. या परीक्षांनी मोठे काम केले हे निर्विवाद आहे. खेड्यातल्या शाळेत चित्रकलेचा शिक्षक टिकला तो पुष्कळसा त्यांच्यामुळे. वस्तुचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती, अक्षरलेखन यांतून हाताला जी शिस्त लागते तिची टिंगल करणाऱ्यांतला मी नाही. ज्याला लंबवर्तुळ नीट काढता येत नाही त्याची बादली कलंडते, मग त्याच्या अंगी कितीही प्रतिभा असो. माझे भांडण आहे ते स्मरणचित्राशी. नाव स्मरणचित्र, पण स्मरण कशाचे? बाजार, जत्रा, बसथांबा, पतंग उडविणारी मुले अशा विषयांची तयार आकृतीबंधांची पुस्तके मिळतात. त्यांतली पाठमोरी बाई, टोपीवाला म्हातारा आणि फुगेवाला पाठ करून मुलगा परीक्षेला बसतो. त्याला आठवतो तो फुगेवाला पान बाराचा असतो. कर्जतच्या आठवडी बाजारातला नव्हे.

२०१७ साली शासनाने दहावीच्या निकालात कलेसाठी वाढीव गुण देण्याचे धोरण आणले. इंटरमिजिएटच्या श्रेणीप्रमाणे ७, ५ आणि ३ असे गुण पुढे ठरले. शास्त्रीय संगीत, नृत्य आणि लोककलांनाही त्यात जागा मिळाली. हेतू चांगला. परिणाम असा की ज्याला पुढे चित्रकलेशी काही देणेघेणे नाही असा हुशार विद्यार्थीही सात गुणांसाठी आकृतीबंध पाठ करू लागला, आणि ज्याला आहे त्यालाही तोच मार्ग शहाणपणाचा वाटू लागला. परीक्षेचा उपयोग वाढला, पण तिचे चित्राशी असलेले नाते कमी झाले.

परीक्षेपेक्षा स्पर्धा मोकळी असावी अशी आपली कल्पना असते. तशी ती नसते, आणि याचे कारण परीक्षकांच्या अरसिकतेइतकेच साध्या बेरजेत आहे. मी पाहिलेली एक गोष्ट सांगतो. संस्थेचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. 'माझे गाव' हाच विषय होता. माथेरानच्या पायथ्याच्या एका ठाकूरवाडीतून आलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीचे चित्र माझ्यापुढे आले. कागदाचा तीनचतुर्थांश भाग डोंगराने भरलेला, त्याचा माथा कागदाच्या वरच्या कडेने कापून गेलेला, आकाश नाहीच. तपकिरी आणि हिरवा असे दोनच खडू वापरलेले. त्या चढावर एक वाट, जवळजवळ उभी, आणि तिच्यावर डोक्यावर ओझे घेतलेल्या मुंग्यांएवढ्या बायका. खालच्या कोपऱ्यात घरे, तीही डोंगराकडे तोंड करून. माथेरानवर मोटारींना बंदी आहे. पायथ्याच्या वाड्यांतली माणसे दूध, भाजी घेऊन वर चढतात ती पायी. पायथ्याशी राहणाऱ्याला डोंगराचा माथा आणि आकाश दिसायला मान मोडावी लागते, त्याच्या डोळ्यांपुढे असतो तो नुसता चढ. हा चढ त्या मुलीने काढला होता. वाट उभी होती कारण ती तशीच चढावी लागते. ज्याला चित्ररचना म्हणतात ती तिला कोणी शिकवली नव्हती, पण कागदाच्या कडेने माथा कापल्यामुळे डोंगर कागदाबाहेर कितीतरी मोठा आहे हे कळत होते.

मी शंभरात ८५ गुण दिले. दुसऱ्या परीक्षकांनी ४० दिले, कारण 'डोंगर अपुरा राहिला'. तिसऱ्यांनी ४५, कारण रंगकाम दोनच रंगांत आटोपले होते. बेरीज १७०. दोन त्रिकोणांच्या एका नीटस चित्राला आम्ही तिघांनी ६०, ६२ आणि ६१ दिले होते, बेरीज १८३. ते कोणालाही आवडले नव्हते आणि कोणालाही खटकले नव्हते. बेरजेच्या पद्धतीत असेच चित्र निवडून येते. परीक्षकांनी एकत्र बसून, चित्र मध्ये ठेवून, भांडून निर्णय घ्यावा असा नियम असता तर कदाचित मी हरलो असतो. पण त्या डोंगराचा माथा का कापला गेला यावर दहा मिनिटे तरी बोलणे झाले असते. त्या दिवशी अल्पोपाहार आल्यामुळे तेवढेही बोलणे झाले नाही.

रंगभूमीच्या स्पर्धांत हे भांडण अधूनमधून होते. पुण्यातल्या महाविद्यालयांसाठी महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेने १९६३ पासून चालविलेल्या पुरुषोत्तम करंडकाचे उदाहरण वाचकांच्या स्मरणात असेल. २०२२ साली एकही एकांकिका करंडकाला पात्र नाही असा निर्णय परीक्षकांनी दिला आणि मोठी खळबळ उडाली. मला त्या निर्णयात मुलांचा अपमान दिसला नाही. कोणीतरी मोजमाप गंभीरपणे घेते आहे असे दिसले. चित्रकलेच्या तालुका स्पर्धेत अशी गोष्ट मी कधी ऐकली नाही. तेथे प्रथम, द्वितीय, तृतीय आणि उत्तेजनार्थ पाच हे ठरलेलेच असतात, चित्रे येण्यापूर्वी.

पण समजा, त्या मुलीला पहिले बक्षीस मिळाले असते. पुढे काय? येथे शिष्यवृत्तीचा प्रश्न येतो. केंद्र सरकारच्या सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्राची प्रतिभाशोध शिष्यवृत्ती १९८२ साली सुरू झाली. ती फार समजूतदारपणे आखलेली आहे: एकदा मिळाली की काम समाधानकारक असेल तर विसाव्या वर्षापर्यंत चालू राहू शकते, परंपरेने कला जपणाऱ्या घरांतल्या मुलांचा आणि आदिवासी कलांचा वेगळा विचारही तिच्यात आहे. मात्र निवडीचे वय दहा ते चौदा. त्यानंतरची दुसरी शिष्यवृत्ती तरुण कलावंतांची, वय अठरा ते पंचवीस, मुदत दोन वर्षे. आणि तिची अट अशी की अर्जदाराने गुरूकडे किंवा संस्थेत निदान पाच वर्षे शिक्षण घेतलेले असावे. हे दोन नियम शेजारी ठेवून वाचावेत. चौदाव्या वर्षापर्यंत जो कोणाच्या नजरेस पडला नाही त्याने अठराव्या वर्षी अर्ज करायचा आणि मधल्या काळात शिकत राहायचे, स्वतःच्या खर्चाने. शहरातल्या मुलाला हे जमते, कारण त्याच्यासाठी त्याचे आईबाप शिष्यवृत्तीचे काम करतात. वाडीतली मुलगी पंधरा वर्षांची होते आणि दोन्ही दारांच्या मधल्या अंगणात उभी राहते.

नेमके याच वयात तिला ठरवायचे असते. फी माफ करणाऱ्या सरकारी योजना पुष्कळ आहेत, पण फी हा खर्चाचा एक तुकडा झाला. चित्रकलेचा कागद, रंग, फळी हा खर्च दर महिन्याला होतो. खोपोलीहून मुंबईची लोकल धरली की लौजी, डोलवली, केळवली, पळसदरी, कर्जत असे करीत सव्वाशे किलोमीटरच्या आतच छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस येते, आणि तेथून चालत काही मिनिटांवर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, १८५७ सालची संस्था. एक गाडी, बदलायचीही नाही. तरीही ज्यांच्याशी मी बोललो त्या मुलांपैकी बहुतेकांना हे नाव इंटरमिजिएटच्या प्रमाणपत्रापलीकडे माहीत नव्हते.

याहून नवल चौकजवळचे. नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ साली खालापूर तालुक्यात आपला स्टुडिओ उभारला. देसाई स्वतः जे. जे.मध्ये शिकलेले, कलादिग्दर्शनासाठी चार राष्ट्रीय पुरस्कार मिळालेले. २००८ च्या 'जोधा अकबर'चे बादशाही महाल येथेच उभे राहिले. लाकूड, प्लास्टर आणि रंग यांतून आग्र्याचा किल्ला कसा होतो हे पाहायला या तालुक्यातल्या मुलांना एस.टी.चे तिकीटही फारसे पडले नसते. ऑगस्ट २०२३ मध्ये तेथेच देसाईंचा दुःखद अंत झाला. त्याच्या पंधरा दिवस आधी, १९ जुलैच्या रात्री, जवळच्याच इर्शाळवाडीवर डोंगर खचला होता. पुढच्या वर्षी 'पर्यावरण' या विषयावरची जी चित्रे मी पाहिली त्यांत दोन हातांनी धरलेला पृथ्वीचा गोल होता आणि त्रिकोणी डोंगर होते. खचलेला डोंगर मुलांनी काढायलाच हवा होता असे मी म्हणणार नाही. पण कोणा मुलाला तो काढावासा वाटला असता तर तो काढण्याची मुभा आहे असे त्याला वाटले असते का, हा प्रश्न मला पडतो.

अमेरिकेत १९२३ पासून सातवी ते बारावीच्या मुलांसाठी चित्र आणि लेखन यांची एक राष्ट्रव्यापी स्पर्धा चालते. अँडी वॉरहॉल, ट्रुमन कपोटी, सिल्व्हिया प्लाथ यांना शाळकरी वयात तिची पारितोषिके मिळाली होती. नावे मोठी आहेत म्हणून मी ती सांगत नाही. अमेरिकेतल्या श्रीमंत शाळांना तेथेही फायदा होतोच. मला महत्त्वाचे वाटते ते हे की शेवटच्या वर्षाच्या मुलांना तेथे सुटे चित्र न पाठवता कामाचा संच पाठवून महाविद्यालयीन शिष्यवृत्तीसाठी उतरता येते. एका चित्रात पाठ केलेला फुगेवाला खपून जातो. आठदहा चित्रांत तो उघडा पडतो.

आपल्याकडे के. एच. आरा यांची गोष्ट सांगितली जाते ती बॉम्बे आर्ट सोसायटीच्या पारितोषिकाची. ते पारितोषिक १९४४ चे. त्यापूर्वी घरकाम करून चित्रे काढणाऱ्या या माणसाचे काम रुडॉल्फ फॉन लायडन यांच्यासारख्या समीक्षकाने पाहिले होते, आणि पुन्हा पुन्हा पाहिले होते. पारितोषिक त्या पाहण्याच्या मागून आले.

कर्जत-खालापुरात असे पाहणारे माणूस नेमणे अवघड आहे असे मला वाटत नाही. दोन तालुक्यांतल्या पंधरा ते अठरा वयाच्या मुलांकडून स्पर्धेचे चित्र न मागवता वर्षाची वही मागवावी, वही आणि पेन्सिली आधी द्याव्यात, आणि एखाद्या चित्रकाराने वर्षातून तीनदा लोकलने येऊन त्या वह्या मुलांच्या समोर बसून चाळाव्यात. ज्यांची निवड होईल त्यांना कर्जत किंवा खोपोलीपासूनचा रेल्वेचा पास, कागद आणि रंग महाविद्यालय संपेपर्यंत मिळावेत. ढाल आणि प्रमाणपत्र नसले तरी चालेल. आणि वहीत पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकच डोंगर पुन्हा पुन्हा आला असेल, तर 'विषयांत विविधता नाही' असा शेरा मारण्यापूर्वी चाळणाऱ्याने खिडकीतून बाहेर पाहून घ्यावे.