परीक्षण : ‘काळा पाऊस’

मासुजि इबुसे यांच्या कादंबरीवरून शोहेइ इमामुरा यांनीं इ. स. १९८९ त हा जपानी चित्रपट केला. ता. ६ ऑगस्ट १९४५ रोजीं हिरोशिमाच्या वाटेवर यासुको काळ्या पावसांत भिजते. पुढें पांच वर्षांनींही तिचा विवाह जुळत नाहीं. स्फोटसमयीं ती शहरांत नव्हती हें दाखविण्यास पालक शिगेमात्सु तिच्या रोजनिशीची नक्कल करूं लागतो. पावसाचा मजकूर ठेवावा कीं गाळावा, हा कादंबरींतील पेंच दफ्तरें चाळणाऱ्यांस परिचित आहे. मजकूर गाळलेली नक्कल पुरावा नव्हे, हें खरेंच. तथापि येथें दोष लेखकूचा नसून, मुलीच्या देहाचा दाखला मागणाऱ्या समाजाचा आहे. इमामुरा यांनीं चित्रित केलेला रंगीत उपसंहार अखेर वगळला, हें उचित झालें. कृष्णधवल चित्रांत दुखण्यास उत्तर मिळत नाहीं, व तेंच सत्य होय.