थांबवलेली चौकट : रोलाँ बार्थ आणि चित्रपट

चित्रपट हा रोलाँ बार्थच्या चिकित्सेचा विषय होता. त्याच्या प्रेमाचा विषय मात्र तो क्वचितच झाला. हा दुरावा केवळ अभिरुचीचा मानता येत नाही. त्याची मुळे बार्थच्या वाचनविषयक भूमिकेत आहेत.

‘मिथॉलॉजीज’मध्ये (1957) मँकिएविचच्या ‘ज्यूलियस सीझर’विषयी लिहिताना बार्थ पात्रांच्या कपाळावरील बटांवर बोट ठेवतो. ‘रोमनपणा’चे हे चिन्ह नैसर्गिक असल्याचा आव आणते, हा त्याचा आक्षेप. येथे चित्रपट केवळ चिन्हे पुरवतो. 1970 मधील ‘तिसरा अर्थ’ या निबंधात त्याची भूमिका बदलते. आयझेनस्टाइनच्या चित्रपटांतील स्थिरचित्रे पाहताना, माहिती आणि प्रतीक यांच्या पलीकडे उरणारा एक अनामिक अर्थ त्याला जाणवतो. चित्रपटाचे चित्रपटपण यातच आहे, असे तो मानतो. पण ते त्याला सापडते गती थांबवल्यावर.

याचे कारण ‘कॅमेरा लुसिडा’त (1980) स्पष्ट होते. छायाचित्रासमोर डोळे मिटून घेता येतात. पडद्यासमोर ते मिटले, तर उघडेपर्यंत प्रतिमा बदललेली असते. वाचक पुस्तकातून मान वर करतो, थांबतो, मागे जातो. अर्थनिर्मिती या विरामात होते अशी ज्याची धारणा, त्याला चित्रपटाचा अविरत काळ जाचक वाटणे स्वाभाविक होते.

तथापि या भूमिकेची किंमत मोठी आहे. चौकट सुटी केली, की ध्वनी, संकलनाची लय आणि कालावधी हे घटक विचाराबाहेर जातात. संहितेसारखा वाचता येईल एवढाच चित्रपट मग उरतो. साहित्यसमीक्षेतील संकल्पना अन्य कलांना लावणाऱ्या प्रत्येक समीक्षकापुढे हा धोका असतो.

या भूमिकेला छेद देणारा पुरावा त्याच ग्रंथात आहे. आईची छायाचित्रे पुन्हा पाहिली त्याच दिवशी संध्याकाळी बार्थ फेलिनीचा ‘कॅसानोव्हा’ पाहतो. चित्रपट त्याला कंटाळवाणा वाटतो. पण कॅसानोव्हा यांत्रिक बाहुलीसह नाचू लागताच तिचे विरलेले हातमोजे, केसांतील पिसे असे तपशील त्याला व्याकूळ करतात. ही प्रतिमा नाचत होती. ती थांबवणे त्याच्या हाती नव्हते. छायाचित्रासाठी त्याने राखून ठेवलेला वेध, ज्याला तो ‘पंक्टम’ म्हणतो, येथे गतीतूनच घडला. बार्थ हा प्रसंग छायाचित्राच्या विचाराकडे वळवतो. तो चित्रपटाविषयी काय सांगतो, हा प्रश्न मात्र तसाच राहतो. त्याच्या चित्रपटविचाराचे पुनर्वाचन या प्रश्नापासून सुरू व्हायला हवे.